आनंदीबाईंची थंडी

मी चामोर्शीला बँकेत होतो, तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना ते सांगून पटायचे नाही. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायचे. वैनगंगेच्या वाळूवरून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा अंगावर यायचा. शाखेत खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात पाण्याचा रांजण, आणि प्रत्येकाची नजर छतावरच्या पंख्याकडे. अशा एका दुपारी कुटुंबनिवृत्तिवेतन घ्यायला एक वयस्क बाई आल्या. अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर शाल, कानाला रुमाल. त्यांनी शिपायाला पंखा जरा बंद करायला सांगितला, तेव्हा काउंटरमागची तरणी मंडळी खाली मान घालून हसली. मीही हसलो. बाईंचे डोके जरा फिरले असावे, असा निष्कर्ष मी विथड्रॉवल स्लिपवर सही करता करता काढून टाकला.

त्यांना थायरॉईडचा जुना विकार होता हे फार नंतर कळले. शरीराची भट्टीच मंद झालेली. बाहेर सेहेचाळीस अंश असले तरी आतून ऊब यायची नाही. तेव्हापासून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघाले की मला हटकून त्या बाई आठवतात.

आनंदीबाईंची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. नवव्या वर्षी लग्न, विक्षिप्त पण शिक्षणाने झपाटलेला नवरा, दहा दिवसांत गेलेले बाळ, समुद्र ओलांडून अमेरिका, परदेशी जाऊन डॉक्टर होणारी पहिली भारतीय स्त्री, आणि बावीस पुरी व्हायच्या आत मृत्यू. कादंबरी झाली, नाटक झाले, मालिका झाली, २०१९ मध्ये चित्रपटही येऊन गेला. या सगळ्यांत तिचे धैर्य मोठे दिसते, समाजाचा विरोध मोठा दिसतो, गोपाळराव तर फारच मोठे दिसतात. दिसत नाही ती एक साधी गोष्ट. या मुलीला थंडी वाजत होती. अमेरिकेतल्या जवळजवळ साडेतीन वर्षांत आपल्या देहाची ऊब टिकवणे हेही तिचे एक रोजचे काम होते, आणि ते तिला जमले नाही.

३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे जोशी. १८७४ मध्ये टपाल खात्यातले गोपाळ विनायक जोशी या वीस वर्षांनी मोठ्या विधुराशी लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, भूज, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर. बदलीच्या नोकरीत बायकोचे काय होते ते मला माहीत आहे. पण आमच्या बायकांना निदान बदलीच्या गावी रोज संध्याकाळी इंग्रजीचा धडा चुकला म्हणून मार बसत नव्हता. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने घेतले ते इथून.

गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र लिहिले होते. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दातांच्या डॉक्टरांकडे बसल्या बसल्या वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. या पत्रव्यवहाराच्या काळातच आनंदीबाईंची प्रकृती बिघडलेली होती. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, त्यांचा गुण आला नाही. म्हणजे ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या धक्क्यावरून बोटीत पाय ठेवणारी ही अठरा वर्षांची मुलगी ठणठणीत नव्हती. नेहमीची आजारी होती. आपण तिला वीरांगना करतो तेव्हा हे विसरतो. ते ध्यानात ठेवले तर तिचा पराक्रम कमी होत नाही, उलट तो माणसाचा वाटू लागतो.

जून १८८३ मध्ये ती न्यूयॉर्कला उतरली. रोझेलमधला उन्हाळा मावशींच्या घरात बरा गेला. शरद ऋतूत ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० मध्ये निघालेले हे कॉलेज. अधिष्ठाता रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, आणि त्यांचा या मुलीवर लोभ होता. माणसे चांगली होती. हवा मात्र कोणाचे ऐकत नाही. फिलाडेल्फियात जानेवारीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या आसपास असते, रात्री पारा त्याच्या खाली जातो. कल्याणच्या मुलीने असली थंडी पाहिलेली नव्हती.

राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की धुराने खोली भरायची. डोळे चोळत, खोकत बसायचे, नाहीतर विझवून कुडकुडायचे. तिसरा मार्ग नाही. ज्याच्या छातीत आधीच दुखणे दबा धरून बसले आहे त्याच्यापुढे ठेवायला याहून वाईट निवड मला सुचत नाही. तिच्या आयुष्यावर लिहिणारे समुद्रपर्यटनाच्या वादावर पानेच्या पाने खर्च करतात. त्या धुरकट खोलीला मिळतात दोन ओळी.

मग लुगड्याचा प्रश्न. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या सभेत फेब्रुवारी १८८३ मध्ये तिने जाहीर सांगितले होते. पोशाख बदलायचा नाही, मांस खायचे नाही. नऊवारी लुगडे आपल्या हवेसाठी उत्तमच आहे. काष्टा घातला की चालायला मोकळे आणि वारा खेळता. पण नेमक्या त्याच कारणाने ते फिलाडेल्फियात कुचकामी ठरले. पोटऱ्या उघड्या, कंबर उघडी. शेवटी तिने मार्ग काढला. गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. त्यात कंबर झाकते, पाय घोट्यापर्यंत झाकतात आणि आत परकर घालता येतो. हा निर्णय तिने काही काळ गोपाळरावांना कळवला नाही.

माझ्या मते तिच्या साऱ्या चरित्रातला हा सर्वांत बोलका तपशील आहे. नवरा हजारो कोसांवर, पत्र पोचायला महिना-दीड महिना, आणि तरीही पायाला ऊब मिळावी म्हणून परकर घातल्याचे सांगायला ती कचरते. गोपाळरावांना खलनायक करणाऱ्यांतला मी नाही. त्यांच्यावाचून ती कल्याणच्या माजघरातच राहिली असती. पण ज्याला थंडी वाजत नाही त्याला दुसऱ्याची थंडी हे खूळ वाटते. बँकेच्या काउंटरमागे बसून मी वेगळे काय केले होते?

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशी पोशाखात बसलेल्या आहेत. ते पाहताना कौतुक वाटते, अभिमानही वाटतो. मी मात्र आता त्यात प्रत्येकीच्या अंगावर कपडा किती आहे तेवढेच पाहत राहतो.

इथे थोडे वैद्यकशास्त्र सांगायला हवे. डॉक्टर नसलेल्या माणसाने सांगायचे तेवढेच सांगतो. आपल्या मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचे ते तो ठरवतो. साधारण सदतीस अंश सेल्सिअस, पहाटे थोडे कमी, संध्याकाळी थोडे जास्त. थंडी पडली की तो कातडीतले रक्त आत ओढून घेतो, स्नायूंना थरथरायला लावतो. उकडले की घाम सोडतो. जंतुसंसर्ग झाला की हा ठरलेला आकडाच वर सरकतो. समजा तो एकोणचाळीसवर गेला, तर सदतीसवरचे शरीर त्याला थंड वाटू लागते. म्हणून ताप चढताना माणूस हुडहुडतो, गोधडीवर गोधडी मागतो, आणि कपाळाला हात लावणाऱ्याला चटका बसतो. आकडा खाली आला की घामाच्या धारा लागतात. क्षयरोगात हा खेळ रोजचा होतो. दिवेलागणीला कणकण, रात्री चढ, पहाटे घामाने भिजलेले अंथरूण. आपल्या जुन्या बायका याला बारीक ताप म्हणत, हाडीताप म्हणत. क्षय शरीराला झिजवतोही. कातडीखालची चरबी जाते, स्नायू जातात. चरबी म्हणजे अंगातली गोधडी आणि स्नायू म्हणजे शेगडी. दोन्ही गेल्यावर बाहेरच्या हवेपुढे माणूस उघडा पडतो. ऊब निर्माण करायला इंधन लागते, ते अन्नातून येते. शाकाहारी मुलगी, परका मुलूख, अपरिचित जेवण, अभ्यासाचा धबडगा. इंधन तरी पुरेसे कुठून येणार?

इतर दुखण्यांचीही अशीच तऱ्हा असते. मधुमेह पुष्कळ वर्षे मुरला की घाम सोडणाऱ्या नसा बिघडतात आणि उन्हात शरीर थंड होत नाही. कुष्ठरोगात कातडीचे भाग कोरडे पडतात, गरम-गार कळेनासे होते, चुलीवरचे भांडे हाताला भाजते आणि त्याला पत्ताच नसतो. आमच्या गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांना गार पाण्यात बराच वेळ राहिल्याने किंवा अचानक थंडी लागल्याने असह्य कळा सुरू होऊ शकतात, आणि साधा वाटणारा तापही अंगावर काढायची सोय नसते. सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती १ जुलै २०२३ रोजी. पौषातल्या पहाटे एखादे पोर आंघोळीला रडते तेव्हा ते लाडावलेलेच असते असे नाही, एवढे या पट्ट्यातल्या आईबापांना आता ठाऊक होऊ लागले आहे.

फिलाडेल्फियाला परत जाऊ. आनंदीबाई ज्या वर्षांत शिकत होत्या तो वैद्यकातला मोठा संधिकाल होता. जर्मनीतल्या वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचे तापमान मोजून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला होता. ताप हा स्वतः रोग नसून रोगाची खूण आहे, हे त्यामुळे रुजले. इंग्लंडमध्ये ऑलबट यांनी त्याच्या थोडे आधी सहा इंची थर्मामीटर तयार केला होता. त्यापूर्वीचा हातभर लांब असे आणि वीस मिनिटे धरावा लागे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही घटना. म्हणजे संध्याकाळच्या तापाचा अर्थ काय, हे ज्या पिढीच्या डॉक्टरांना नेमके कळू लागले, त्या पहिल्या पिढीतली ती. दुसऱ्याच्या तापाचा आलेख वाचायला शिकणारी मुलगी रात्री आपल्या खोलीत स्वतःचा घाम टिपत असेल तेव्हा काय विचार करीत असेल, याची कल्पना करायचे कादंबरीकार असूनही मला धाडस होत नाही.

थंडीने क्षय होतो असे मात्र कोणी समजू नये. क्षय जंतूमुळे होतो. फिलाडेल्फियाची थंडी तिला रोग देणारी नव्हती. अशक्त शरीराचा उरलासुरला साठा खाणारी होती. याचा उलटा पुरावा त्याच काळात, त्याच देशात मिळतो. स्वतः क्षयी असलेल्या डॉ. एडवर्ड ट्रूडो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सरानाक लेकच्या बर्फाळ डोंगरात १८८५ च्या सुमारास आरोग्यधाम काढले. तिथे रोगी उघड्या ओसरीत गार हवेत बसत. पण लोकरीच्या ढीगभर पांघरुणांत, भरपूर दूध-अंडी खाऊन, आणि काहीही काम न करता. हवा थंडच होती, पण अंग गरम ठेवलेले होते. आनंदीबाईंच्या वाट्याला हवा तीच आली, बाकीचे काही आले नाही. विश्रांती तर नाहीच. परीक्षा होत्या.

दोन वर्षे होता होता तिला घेरी येऊ लागली, सडकून ताप येऊ लागला, खोकला ठाण मांडून बसला. एव्हाना गोपाळरावही अमेरिकेत येऊन दाखल झाले होते आणि व्याख्यानांतून अमेरिकन समाजावर तोंडसुख घेत होते. ज्या समाजाने बायकोला शिकवले त्याची अशी संभावना तिला आवडली नसणार. पण त्या प्रकरणात शिरत नाही. तिने हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय प्रबंधाला घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. समारंभाला नात्यातल्या पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा निरोप आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी तिला देऊ केली. एकविसाव्या वर्षी याहून काय हवे? एक गोष्ट हवी होती, ती नव्हती.

परतीच्या बोटीवर ती आणखी खंगली. बोटीवरच्या डॉक्टरांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही असे सांगतात. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरली तेव्हा स्वागत थाटाचे झाले. धक्क्यावर फुले घेऊन आलेल्यांना एक थकलेली, निस्तेज मुलगी दिसली असेल. घरची मंडळी हवापालट म्हणून पुण्याला घेऊन गेली. आपल्या देशची हवा लागली की बरे वाटेल, ही सगळ्यांचीच आशा होती. वैद्यांचे उपचार मिळणेही सोपे नव्हते; समुद्र ओलांडून आलेली बाई म्हणून काहींनी हात लावायचे नाकारले, अशी हकिकत चरित्रांत येते. पुण्याची हिवाळी हवा फिलाडेल्फियाच्या मानाने उबदारच म्हणायची. पण आता प्रश्न बाहेरच्या थंडीचा उरला नव्हता. आतली शेगडीच विझत आली होती. कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात ती एक दिवसही काम करू शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली.

तिच्यावर उपाय असलेले पहिले औषध निघायला त्यानंतर छप्पन्न वर्षे लागली. १९४३ मध्ये रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ऑल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. रटगर्स न्यू जर्सीत आहे, आणि कार्पेंटर मावशींचे रोझेलही त्याच राज्यात. आज क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि नेमाने घेतली तर रोग बरा होतो. उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या बँक खात्यात सकस आहारासाठी सरकारकडून पैसे जमा होतात. २०१८ पासून महिना पाचशे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. जुना बँकवाला म्हणून मला या नोंदीचे विशेष वाटते. इंधनाशिवाय शेगडी पेटत नाही हे कुठल्या तरी कारकुनी टेबलावर कोणाला तरी समजलेले आहे.

आनंदीबाईंची स्मृती दोन देशांनी जपली. कॅरोलिन हीली डॉल या बॉस्टनच्या लेखिकेने १८८८ मध्येच इंग्रजी चरित्र काढले, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी शुक्रावरच्या एका विवराला जोशी हे नाव दिले. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान साडेचारशे अंशांच्या वर असते. नाव देणाऱ्यांच्या हे मनातही आले नसेल.

तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. मावशींनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी ठेवून वर दगड बसवला. हडसन नदीकाठचे हे गाव फिलाडेल्फियाच्याही उत्तरेला आहे, आणि तिथला हिवाळा तिकडच्यापेक्षा कडक असतो.